उखळीतला दाणा

"काळी दारू सापडली, एवढंच लिहा ना मॅडम," फौजदार विश्वजीत फोनवर म्हणाले. "दारू ती दारू. त्यात आणखी काय लिहायचं असतंय?"

करिश्मानं फोन कानापासून जरा लांब धरला. फौजदारांनी पाठवलेल्या पाकिटातली चिमूटभर स्फोटक दारू तिनं पांढऱ्या कागदावर पसरली होती. दाणे खसखशीएवढे, सगळे एका मापाचे, शिसपेन्सिलीच्या टोकासारखे चकचकीत. कागद जरा तिरका केला की धावत सुटणारे.

"साहेब, ही नक्की उखळीवाल्याच्याच पिशवीतली?"

"त्याच्याच. पंचनामा हाय."

"मी उद्या येते. त्या पिशवीला आता कुणी हात लावू नका."

"अहो, केस सरळ हाय. म्हाताऱ्यानं जास्त ठासली, उखळी फुटली, भाचा गेला. उद्या अटक दाखवतो."

"परवा दाखवा," करिश्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती पुण्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लागली त्याला दोन वर्षं झाली होती. दौंडहून रोज रेल्वेनं जायची-यायची. एवढ्या काळात तिला एक गोष्ट कळून चुकली होती. लोक खोटं बोलतात त्याचा त्रास फार होत नाही. न बघता खात्रीनं बोलतात, त्याचा होतो.

प्रकरण खडकमाळचं होतं. निमोण्याच्या पुढं चार किलोमीटरवर दीडशे उंबऱ्यांची वस्ती. तिथल्या जत्रेत पालखी उठली की उखळ्या वाजतात. उखळी म्हणजे लोखंडाच्या ठोकळ्यात कोरलेलं वीतभर खोल भोक. त्यात दारू भरायची, वरून विटेची भुकटी ठासायची, बाजूच्या कानातून बत्ती द्यायची. गोळा नाही, छर्रा नाही, नुसता आवाज. पहिल्या उखळीचा मान मल्हारीच्या घरचा. दुसरीचा मान मारुतराव आप्पांचा, जे गावचे माजी सरपंच आणि जत्रा कमिटीचे अध्यक्ष.

तीन दिवसांपूर्वी पहिली उखळी फुटली. तिचा तुकडा गोकुळच्या मानेत घुसला. गोकुळ रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होता, सत्तावीस वर्षांचा, मल्हारीच्या बहिणीचा एकुलता एक मुलगा.

*

ठाण्यातल्या बाकावर मल्हारी बसला होता. सत्तरीचा, काटकुळा, डोळ्यांवर काळा चष्मा. करिश्मा समोर बसली तेव्हा तो उठायला लागला.

"बसा आबा. डोळ्यांना काय झालं?"

"मोतीबिंदू काढलाय. पंधरा दिस झालं. डाक्टर म्हनला, धुळीत जायचं न्हाई, वाकायचं न्हाई."

"मग उखळी भरली कुणी?"

"गोकुळनं. पयल्यांदाच. मी खुर्ची टाकून लांब बसलो व्हतो, मापं मोजत. तीन मापं. माझ्या बापानंबी तीनच घातली, मीबी तीनच."

"तीनच पडली? नक्की?"

"मोजताना तोंडानं म्हनतो की मी. एक, दोन, तीन. सगळ्या गावानं ऐकलं. पर साहेब म्हंत्यात, जास्त पडली. पडली असंल. डोळं न्हवतं ना माझं."

"दारू कुठून आणली होती?"

"सोपानरावाची. विहिरी फोडतो त्यो. परवाना हाय त्याच्यापाशी. त्याची सुरुंगाची दारू, ज्वारीएवढा दाना. आवंदा माळ्यावर ओल लागली तिला. मी उन्हात वाळवली, तर समद्या दान्यावर मिठावानी पांढरं आलं. चमक गेली. म्हनलं, असू दे, वाजंल."

"भरताना गोकुळ काही बोलला का?"



"बोलला. म्हनला, मामा, दारू लई सुळसुळीत हाय, मापातनं सांडतीया. मी म्हनलं, वाळवलीया म्हनून." त्यानं चष्म्याखाली बोट घातलं आणि लगेच काढलं, डॉक्टरची आठवण झाल्यासारखं. "बहिनीनं दार लावून घेतलंय मला. तिरडीलाबी खांदा देऊ दिला न्हाई. जेलात टाका, पर तिला कुनीतरी सांगा, मी मुद्दाम न्हाई केलं."

फौजदारांनी मागून हातानं खूण केली. बघा, स्वतःच कबूल करतोय.

करिश्मानं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं चामड्याची पिशवी मागवली, उलटी करून शिवणी उसवल्या आणि भिंगातून बघितलं. शिवणीत अडकलेले आठ दाणे तिनं चिमट्यानं काढले. ज्वारीएवढे. निस्तेज. वर पांढरट पापुद्रा.

"साहेब, हे बघा. पिशवीच्या पोटात खसखस होती, शिवणीत ज्वारी आहे. पिशवी एकच, दारू दोन."

"मग? म्हाताऱ्यानंच बदलली असंल."

"ज्याला वाकायला मनाई आहे, त्यानं?"

"बरं, बदलली कुणीतरी. तरी काय फरक पडतो?" फौजदार खुर्चीत मागं रेलले. "उलट बारीक दारू म्हंजी फुसकी. विहिरीला मोठा दाणा वापरतात, तवा खडक उडतो. शेंबडं पोर सांगंल. बारीक दारूनं लोखंड फुटायचं म्हणजे ती डबल भरलेली असणार."

करिश्मानं त्यांच्याकडं बघितलं. हा माणूस चार दिवस या प्रकरणावर बसला होता आणि एक चिमूट दारू पेटवून बघायचं त्याला सुचलं नव्हतं.

*

सोपानराव निमोण्याच्या शिवारात एका विहिरीवर भेटले. कॉम्प्रेसर बंद करून वर आले, हात पुसत.

"मल्हारीला तुम्ही कुठली दारू दिली होती?"

"माझ्याकडं एकच असती, मॅडम. जाडी. दोन वर्सं झाली देऊन." त्यांनी पेटीतून मूठभर काढून दाखवली. ज्वारीएवढे दाणे, काळे, तकतकीत. "ही चमक हाय ना, ती शिशाची पॉलिश. कारखान्यातच चढवत्यात. दाना दान्याला चिकटत न्हाई, दमट धरत न्हाई."

"शिसं नाही, ग्राफाइट. पेन्सिलीतलं. आणि पॉलिश असूनही ओल लागली तर?"

"तर आतला सोरा बाहेर येतो. पांढरा. मग चमक कसली नि काय."

"बारीक दाण्याची ठेवता?"

"ती कशाला? बारीकनं खडक नुसता तडकतो, ढेकळं निघत न्हाईत. दगडाला दम धरून ढकलावं लागतं, मॅडम." ते हसले. "ह्यो फरक कुनाला म्हाईत नसतो. लोकांना वाटतं, मोठा दाना म्हंजी जास्त जोर."

चार दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी शहाणं बोललं होतं. करिश्मानं त्यांना मनापासून नमस्कार केला.

तिथून ती भांडगावला गेली. शोभेची दारू करणारा ईश्वर महामार्गापासून आत, माळावरच्या शेडमध्ये काम करायचा. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"जत्रेच्या आदल्या दिवशी तू खडकमाळला होतास?"

"व्हय. माझं सामान देवळातल्या खोलीत व्हतं. दोन्ही उखळ्या, मल्हारीआबांची पिशवी, समदं तिथंच. पूजा असती ना रातीला."

"आत कोण कोण गेलं?"

"मी गेलो, आप्पा गेलं, पुजारी गेला. किल्ली आप्पांकडं. देवाची खोली हाय ताई, कोन कुनाला आडवतंय?"

"तुझ्या दारूत दाणा असतो का?"

"न्हाई बा. पीठ असतं." त्यानं डब्यातून चिमूट काढली. धुरकट काळी, अजिबात चमक नसलेली भुकटी. "अशीच लागती झाडाला, चक्राला. आप्पांच्या उखळीसाठीबी हीच देतो दरवर्षी. आवंदाबी दिली."

त्यानं नळाखाली बोटं धरली. काळं पाणी गेलं, बोटं साफ झाली. करिश्मानं आपल्या पाकिटातले खसखशीएवढे दोन दाणे अंगठ्यावर चोळले आणि धुतले. अंगठ्यावर पेन्सिलीसारखी चंदेरी झाक तशीच राहिली.

"ही तुझी नाही."

"न्हाईच. असली गुळगुळीत मला परवडायची न्हाई," ईश्वर म्हणाला. "आन् चालायचीबी न्हाई."

*

करिश्मा फौजदारांना घेऊन खडकमाळला पोचली तेव्हा वेशीवर फ्लेक्स लागला होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' कोपऱ्यात गोकुळचा पासपोर्ट फोटो. मधोमध, हात जोडलेले, पांढऱ्या कपड्यांतले, फ्लेक्सच्या निम्म्या भागाचे मारुतराव. कुणी अनोळखी आला असता तर गेलं कोण याबद्दल त्याची फसगत झाली असती.

खरे मारुतराव घराच्या सोप्यात बसले होते. चहा आला. त्यांनी फौजदारांची चौकशी केली, करिश्माच्या वडिलांची केली, दौंडच्या पाण्याची केली. मागच्या भिंतीवर दोन लाकडी खुंट्या होत्या, रिकाम्या.

"तिथं काय असतं?" करिश्मानं विचारलं.

"बंदूक. ठासणीची. रानडुकरं भुईमूग ठेवत न्हाईत, त्यापायी परवाना काढला. इलेक्शनला जमा केली, अजून ठाण्यातच पडलीया. विचारा साहेबांना."

फौजदारांनी मान हलवली.

"आणि बंदुकीची दारू?"

"बंदूकच न्हाई तर दारू कशाला, मॅडम? संपली."

"मल्हारीआबांच्या मानाबद्दल गावात काही वाद होता?"

"वाद न्हाई. मी सभेत म्हनलं, आबाचं डोळं गेलं, औंदा पहिला मान आमच्याकडं द्या. लोकं हसली. म्हनली, आप्पा, तुमची उखळी शिंकतीया, आबाची गाजतीया." ते हसले, पण नुसत्या ओठांनी. "मी मनावर घेतलं न्हाई."

"तुमची उखळी वाजली का त्या दिवशी?"

"कशी वाजंल? पोरगं पडलेलं समोर. मी तिथंच माईकवर जाहीर केलं, तेराव्यापर्यंत गावात उखळी वाजनार न्हाई. माझी भरलेली तशीच ठेवली, देवळापुढं."

"उपसली नाही?"

"भरलेली उखळी उपसत न्हाईत. देवाच्या नावानं भरली, ती उडवायचीच. उपसली तर गावाचं वाईट व्हतं. आन् सुतकात उडवता येत न्हाई."

"भरली कशानं?"

"ईश्वरच्या दारूनं. दरवर्षी तीच. समद्या गावाला म्हाईत हाय."

करिश्मानं चहा न पिता कप खाली ठेवला. "साहेब," ती फौजदारांना म्हणाली, "बॉम्बशोधक पथकाची दोन माणसं बोलवा. मला ती उखळी उघडायचीय."

मारुतरावांचा कप बशीवर वाजला. "अहो, रीत हाय ती गावाची!"

"रीत गावाची आहे. पुरावा सरकारचा."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धं गाव ट्रॅक्टरच्या आडोशाला उभं होतं. पथकाच्या जवानांनी अंगावर जाड कवच चढवलं, लाकडी चमच्यानं विटेची भुकटी उकरली, खालची दारू कागदावर काढली आणि मग उखळीत पाणी ओतलं. कागद पाराजवळच्या टेबलावर आला.

त्यावर पीठ नव्हतं. दाणे होते. ज्वारीएवढे, निस्तेज, मीठ लागल्यासारखे पांढरट.

ईश्वर पुढं आला, वाकून बघितलं आणि दोन पावलं मागं सरकला. "ही माझी न्हाई."

मल्हारीला फौजदारांनी आणलं होतं. त्यानं चष्मा वर केला, एका डोळ्यानं बघितलं. "ही माझी."

लोक ट्रॅक्टरच्या आडून पुढं सरकले.

"चूक," मारुतराव म्हणाले. "त्यानंच दिली असंल कुणाकडं, माझ्या उखळीत भराय."

"थांबा," करिश्मा म्हणाली. तिनं एका फरशीवर हातभर लांबीच्या तीन बारीक रेघा ओढल्या. एक ईश्वरच्या पिठाची, एक सोपानरावांच्या जाड दाण्याची, एक मल्हारीच्या पिशवीतल्या खसखशीची. लांब काडीनं एकेक पेटवली.

पीठ धुमसत, फुरफुरत, रांगत गेलं. जाडा दाणा तडतडत पुढं सरकला. बारीक दाण्याची रेघ पेटली कधी आणि संपली कधी, ते कुणालाच दिसलं नाही. फरशीवर नुसता धूर राहिला.

फौजदारांच्या तोंडून "आयला" निघून गेलं.

"चुलीत ओंडका घाला आणि तेवढ्याच वजनाची चिपाडं घाला," करिश्मा म्हणाली. "आधी काय जळतं? दाणा वरून आत जळत जातो. बारीक दाणा म्हणजे आगीला खायला जास्त बाजू. वर गुळगुळीत पॉलिश, म्हणजे तो मापात दाबून बसतो आणि त्याच तीन मापांत दारू जास्त मावते. पिठाची गोष्ट वेगळी. ते ठासलं की आगीला दाण्यांमधली वाट मिळत नाही, ते धुमसतं. आप्पांची उखळी दरवर्षी शिंकते ती म्हणून. आणि खडकाला जाडा दाणा लागतो, कारण खडक हळू ढकलायचा असतो. त्यात जोर जास्त नसतो, घाई कमी असते. मल्हारीआबांची उखळी त्या सावकाश दारूसाठी होती. तिच्यात तीन मापं बंदुकीची दारू पडली."

"बंदुकीची?" फौजदारांनी विचारलं.

"ठासणीच्या बंदुकीला हीच लागते. बारीक, पॉलिशची. सोपानरावांकडं ती नाही, ईश्वरकडं ती नाही. बंदूक जमा झाली, साहेब. दारू जमा करून घेतली होती का?"

फौजदारांनी नकारार्थी मान हलवली.

"पूजेच्या रात्री खोलीत तिघं गेले. पुजाऱ्याकडं दारू नाही. ईश्वरनं बदलली असती तर पिशवीत पीठ निघालं असतं. ज्यानं बदलली, त्याच्याकडं आबांची जाडी दारू शिल्लक राहिली. शहाणा माणूस ती ओढ्यात टाकतो. पण ह्याला ती टाकवेना. ह्याची खात्री होती, की मोठा दाणा म्हणजे मोठा आवाज. म्हणून ईश्वरचं पीठ बाजूला ठेवून त्यानं ती स्वतःच्या उखळीत ठासली. पहिली फुसकी निघेल, दुसरी गाजेल. मग पुढच्या वर्षी मान कुणाचा, ते गावच सांगेल. पण पहिली फुसकी निघाली नाही. आणि ह्यानं दुःख दाखवायला माईकवर जाऊन स्वतःच स्वतःला बांधून घेतलं. सुतकात उडवायची नाही, भरलेली उपसायची नाही. पुरावा पाच दिवस देवळापुढं कुंकू लावून बसला होता, मारुतराव. तुम्ही रोज त्याच्या पाया पडत होता."

मारुतरावांनी टोपी काढली. पुन्हा घातली. गावाकडं बघितलं. कुणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं.

"माझ्या मनात खून न्हवता," ते म्हणाले. "देवाशपथ. बारीक दारू, मला वाटलं नुसती फुस्स व्हईल. गावापुढं जरा..."

"माहीत आहे," करिश्मा म्हणाली. "खून करायला निदान विचार करावा लागतो."

फौजदार पुढं झाले. त्यांनी दंडाला धरलं तेव्हा मारुतराव खालच्या आवाजात म्हणाले, "जीपमधी पुढं बसवा." फौजदारांनी मागचं दार उघडलं.

*

मल्हारी पारावरच बसून होता. लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते.

"आबा, तुम्ही सुटलात. घरी जा," करिश्मा म्हणाली.

"ताई, माझ्यासंगं बहिनीकडं येता का? तुम्ही सांगितलं ते मला समदं सांगता यायचं न्हाई."

बहिणीचं, धुरपदाचं, घर ओढ्यापलीकडं होतं. दार आतून लावलेलं. करिश्मानं कडी वाजवली. दाराची एक फळी उघडली. साठीतली बाई, डोळे कोरडे. भावाकडं तिनं बघितलं नाही.

करिश्मानं सांगायला सुरुवात केली. दाणा, पॉलिश, माप. दोन वाक्यांत तिच्या लक्षात आलं, की या बाईला त्यातलं काही नको आहे. ती थांबली.

"मावशी, आबांचं माप चुकलं नव्हतं. तीनच पडली होती. दारू मारुतरावांनी बदलली."

"त्यानं? माझ्या पोरानं त्याचं काय केलं व्हतं?"

"काही नाही."

"मग मारलं कशापायी?"

"मारायला नव्हती बदलली. आबांची उखळी वाजू नये, लोकांनी हसावं, म्हणून."

"हसावं म्हनून," धुरपदा म्हणाली.

"हो."

तिनं दाराची चौकट धरली.

"वैर असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "कुनाला सांगाय तरी आलं असतं."

करिश्मा वळून पायऱ्या उतरली.

मागं दुसरी फळी उघडल्याचा आवाज आला. "आत ये," धुरपदा भावाला म्हणत होती, "उन्हात उभा राहू नगंस. डोळं आलं असतील पाण्यानं भरून, त्ये पुसायलाबी डाक्टरची मनाई असंल तुला."